पऱ्हाटीची काडी

धुळ्याच्या सुकदेव नानांना दम धरणं माहीतच नव्हतं. स्क्रूसुद्धा ते पिळायचे नाहीत, खिळ्यासारखा ठोकायचे. असं ठोकून ठोकून मागच्या दाराच्या बिजागरीची भोकं पार ढिली झाली आणि दार खाली बसून उंबऱ्याला घासू लागलं. त्यांची बायको ताईबाई खांदा लावून ते उचलायची, तेव्हा कुठे कडी बसायची.

"भोकमा पऱ्हाटीनी काडी घाला, मंग पिळा," ती सांगायची. पारोळ्याकडे तिच्या माहेरी कापसाच्या वाळल्या काडीनं असंच करत.

"माले शिकाडू नको!" नाना खेकसायचे आणि आणखी जाड स्क्रू ठोकायचे.

ब्याण्णव साली ताईबाई गेली. दिवसकार्य आटोपल्यावर नानांनी सरपणातली पऱ्हाटी ओढली, काड्या तासून भोकांत घट्ट बसवल्या आणि स्क्रू सावकाश पिळले. अर्धा तासही लागला नाही. दार एका बोटानं लागलं.

मग त्यांचं लक्ष गेलं. कडीच्या वर, तिच्या खांद्याच्या उंचीला, दाराचा हिरवा रंग उडून लाकूड गुळगुळीत झालं होतं. नानांनी त्यावर हात ठेवला.

"आते खांदा लावानी गरज नही वं," ते म्हणाले.