दिवसभर छान खेळला

काकूंना कोणी खोटारडी म्हटलं, तर मी त्या माणसाशी भांडेन. आणि काकू कधी खोटं बोलल्याच नाहीत असं कोणी म्हटलं, तर त्याच्याशीही भांडेन. भांडायला मला फारसं निमित्त लागत नाही, हे आमच्या गल्लीत सगळ्यांना माहीत आहे.

काकू कुत्र्यांचं पाळणाघर चालवतात. तळमजल्यावरच्या खोल्या, पुढे फरशीचं अंगण आणि त्याला छातीएवढं लोखंडी फाटक. सकाळी कामावर जाणारी माणसं आपलं कुत्रं सोडून जातात आणि संध्याकाळी घेऊन जातात. मी चष्म्याच्या दुकानात काम करते. माझी ठमी घरी एकटी राहिली की उशा फाडते, म्हणून मी काकूंची गिऱ्हाईक झाले. ठमी जेमतेम मांजराएवढी आहे, पण भुंकायला लागली की शेजारचे खिडक्या लावून घेतात.

याच खोल्यांत आधी काकू माणसांची मुलं सांभाळायच्या. भिंतीवर अजून रंगवलेले ससे आणि हत्ती आहेत. दप्तरं अडकवायच्या खुंट्या गुडघ्याच्या उंचीवर आहेत, त्यांना आता पट्टे आणि साखळ्या लटकतात. गल्लीतली मुलं मोठी झाली, नवी जोडपी लांब राहायला गेली आणि पाळणाघर ओस पडलं. ‘मग काय, माशा मारत बसू?’ काकू म्हणायच्या. ‘दोन पायांची गेली, चार पायांची आली. ही निदान घरी जाऊन चुगल्या करत नाहीत.’

संध्याकाळी फाटकाशी झुंबड उडायची. काकू एकेकाचं कुत्रं हातात देताना बरोबर एक वाक्यही द्यायच्या. ‘आज काय धावलाय!’ ‘भांडं चाटूनपुसून लख्ख.’ आणि ठेवणीतलं वाक्य म्हणजे, ‘दिवसभर छान खेळला, तुमची आठवणसुद्धा काढली नाही.’ ते ऐकलं की कुत्र्याला सोडून गेल्याची बोच घेऊन दिवस काढलेल्या माणसाचा चेहरा सैल पडायचा. मलाही हे वाक्य मिळायचं. एकदा डोकं दुखतंय म्हणून मी भरदुपारी ठमीला न्यायला आले, तर बाईसाहेब कपाटाखाली शिरून सगळ्या जगाचा उद्धार करत होत्या.

‘रोज अशीच असते का हो?’

‘छे, आत्ताच जाऊन बसली,’ काकू म्हणाल्या.

पण कपाटाखाली ठमीची चटई व्यवस्थित अंथरलेली होती. मी चटईकडे बघितलं, मग काकूंकडे बघितलं, आणि आम्हाला दोघींनाही हसू आलं.

‘मग खरं सांगायला काय जातं तुमचं?’

काकूंनी चहा ओतता ओतता सांगितलं. मुलांच्या पाळणाघराच्या दिवसांत त्यांनी एका आईला खरं सांगितलं होतं, की बाळ दिवसभर रडतं. ती इस्पितळात नर्स होती. थोड्याच दिवसांत तिने नोकरी सोडली. ‘आणि बाळ रुळलंच असतं हो. सगळीच रुळतात. माझ्या एका वाक्याने तिचं हातचं काम गेलं. तेव्हापासून ठरवलं, फाटकाशी फक्त गोड बोलायचं. माणूस घरी जाऊन सुखाने जेवला पाहिजे.’ मला ते पटलं. मी चहा पिऊन, ठमीला काखोटीला मारून घरी गेले.

त्यानंतर काही महिन्यांनी त्याच फाटकाशी लिफ्टवाले यायला लागले. बंद पडलेल्या लिफ्ट दुरुस्त करणं हा त्यांचा धंदा. उंच, किडकिडीत माणूस. बायको बऱ्याच वर्षांपूर्वी गेलेली, एकुलती एक लेक लग्न होऊन दुसऱ्या शहरात. नखांत कायम काळं ग्रीस, आणि बोलणं इतकं कमी की ‘बरं आहे’ म्हणाले तरी आज गप्पा मारल्या असं वाटावं. त्यांच्या कुत्र्याचं नाव भोपळ्या. पिवळट रंग, गोल डोकं, म्हणून भोपळ्या. कुठल्याशा इमारतीची लिफ्ट अडकली होती, हे खालच्या खड्ड्यात उतरले, तर तिथे ग्रीसमध्ये माखलेलं पिल्लू. खिशात घालून घरी आणलं.

पुढे भोपळ्या त्यांच्याबरोबर गाडीतून कामावर जायला लागला. लिफ्टवाले आत गेले की तो इमारतीच्या दाराशी बसायचा, ते बाहेर येईपर्यंत. कोणी बिस्कीट दाखवलं तरी जागचा हलायचा नाही. दाराशी थांबणं ही आपली नोकरी आहे, अशीच त्याची समजूत असावी. मग कंपनीत नवा साहेब आला, त्याने गाडीत कुत्रं चालणार नाही म्हणून बजावलं आणि भोपळ्याची रवानगी काकूंकडे झाली.

तिथे तो काय करायचा, हे मला फार उशिरा कळलं. सकाळी लिफ्टवाल्यांची पाठ वळली की तो फाटकाच्या आत बसायचा. बाकीची कुत्री चेंडूमागे पळायची, हा नाही. ऊन आलं तरी नाही. शेवटी काकूंनी त्याच्यापुरती एक जुनी छत्री फाटकाला बांधली. पाणी तिथेच, जेवण तिथेच, तेही अर्धं टाकलेलं. संध्याकाळी लिफ्टवाल्यांच्या गाडीचा आवाज कोपऱ्यावर आला की मात्र त्याच्या अंगात यायचं. अंगणभर गोल गोल पळत सुटायचा. काकू तेवढ्यात छत्री काढून ठेवायच्या. लिफ्टवाले फाटकाशी पोचेपर्यंत याची जीभ बाहेर, धापा चालू. त्यांना वाटायचं, पठ्ठ्या खेळून दमलाय.

मग लिफ्टवाल्यांचे गुडघे गेले. जिने चढवेनात, खड्ड्यात उतरवेना. लेक म्हणाली, ‘बाबा, आता इकडेच या. भोपळ्यालाही आणा.’ जावईही भला माणूस, त्याने नाही म्हटलं नाही. पण घर चौथ्या मजल्यावर, खोल्या लहान, घरात तान्हं मूल. आणि इकडे गावाबाहेर ओळखीचा एक रोपवाटिकावाला, त्याला मोकळ्या जागेत फिरायला कुत्रं हवंच होतं. लिफ्टवाल्यांचं काही केल्या ठरेना. त्यांना एकच गोष्ट कळायला हवी होती, की हा आपल्याशिवाय राहील का. ते विचारायला त्यांना जगात एकच माणूस होतं, आणि ते म्हणजे काकू.

त्या संध्याकाळी मी तिथेच उभी होते. फाटकाशी नेहमीची झुंबड. काकूंच्या एका हातात साखळ्यांचा गुंता, दुसऱ्या हाताने ठमीला माझ्याकडे ढकलत होत्या.

‘काकू, एक विचारायचं होतं,’ लिफ्टवाले म्हणाले. ‘हा माझ्याशिवाय राहतो ना नीट?’

‘अहो, नीट काय विचारता!’ काकूंनी वरही न बघता सांगितलं. ‘दिवसभर छान खेळतो. तुमची आठवणसुद्धा काढत नाही.’

लिफ्टवाल्यांनी मान हलवली. भोपळ्याच्या डोक्यावर हात ठेवला तो बराच वेळ काढलाच नाही. मला वाटलं, माणूस खूश झाला. माझ्या अकलेचं काय सांगू.

नंतर एका सकाळी ते आले ते भोपळ्याला न घेताच. हातात पिशवी. तिच्यात भोपळ्याचं भांडं, घोंगडी, केस विंचरायचा ब्रश. मागे गाडीत त्यांची लेक सामान घेऊन बसलेली. ‘इथल्या कुणाच्या तरी उपयोगी पडेल,’ म्हणाले. ‘काल त्याला रोपवाटिकेत सोडून आलो. माझा धीरच होत नव्हता. पण तुम्ही सांगितलंत, मग म्हटलं, आपणच उगाच त्याला धरून बसलोय. उपकार झाले तुमचे.’ आणि त्यांनी चक्क हात जोडले.

गाडी कोपऱ्यावरून वळली तरी काकू पिशवी धरून उभ्याच. मग आत येऊन मुलांच्या वेळच्या एका बुटक्या बाकावर बसल्या आणि छत्रीपासून सगळं मला सांगितलं. माझा पारा चढला. मी म्हटलं, ‘मग बसलात काय? फोन करा त्यांना!’

‘रुळेल हो तो तिकडे,’ काकू म्हणाल्या. ‘सगळीच रुळतात.’ पण त्या माझ्याकडे बघत नव्हत्या.

भोपळ्या रुळला नाही. एका सकाळी काकूंनी दार उघडलं, तर फाटकाच्या बाहेर तो बसलेला. गळ्यात कुरतडलेली दोरी, पंजा सोललेला, अंगावर चिखल. मोठा पूल ओलांडून, सगळं शहर तुडवून आला होता. मी ठमीला घेऊन पोचले तेव्हा काकू त्याचा पंजा पुसत होत्या आणि रडत होत्या. फोन त्यांनी माझ्यासमोरच लावला.

‘तुमच्याकडे आला?’ लिफ्टवाले म्हणाले. ‘घराकडे नाही गेला?’

‘नाही, इथेच...’

ते हसले. हसताना आवाज जरा चिरकला. ‘बघा. वाटलंच होतं मला. त्याला तुमच्याकडचीच ओढ. सवंगडी आहेत ना त्याचे.’

‘अहो, नाही!’ काकू जवळजवळ ओरडल्या. ‘तुमची वाट बघायला आलाय तो. तुम्ही रोज इथूनच न्यायचात ना त्याला! मी खोटं सांगत होते तुम्हाला. तो एक दिवसही खेळला नाही हो. दिवसभर या फाटकाशी बसून असायचा.’

मला वाटलं, सुटलो.

‘काकू, तुम्ही फार चांगल्या आहात,’ लिफ्टवाले म्हणाले. ‘मला बरं वाटावं म्हणून किती कराल! पण मी रोज बघायचो ना डोळ्यांनी, कसा धापा टाकत यायचा. राहू दे त्याला तिथेच. माझ्या सुखासाठी त्याला चौथ्या मजल्यावर कशाला कोंडू?’

मी फोन हिसकावून घेतला आणि तोंड सोडलं. ते शांतपणे म्हणाले, ‘ताई, तुम्ही त्यांची बाजू घेणारच.’ आम्ही फाटकाशी बसलेल्या भोपळ्याचा फोटो पाठवला. उत्तर आलं, ‘ऐटीत बसलाय. वर छत्रीसुद्धा! लाड चाललेत.’ माझ्यासारख्या भांडखोर बाईनेही कपाळावर हात मारून घेतला. इतकी वर्षं गोड बोललेल्या बाईचं खरं बोलणंही त्यांना गोडच लागलं.

तेव्हापासून काकूंनी फाटकाशी साखर पेरणं बंद केलं. ‘आज जेवला नाही.’ ‘आज दोस्ताला चावला.’ मला म्हणाल्या, ‘ठमी दिवसभर कपाटाखाली होती, मधे रडलीसुद्धा.’ खरं ऐकायचा आग्रह धरणारी मीच, पण मला ते झोंबलं. काही गिऱ्हाईकं सोडून गेली, पलीकडच्या रस्त्यावर कुत्र्यांना टोप्या घालून फोटो पाठवणारं एक पाळणाघर आहे तिकडे. काकूंनी त्यांना थांबवलं नाही.

‘त्या नर्सबाईचं मी वाटोळं केलं असं मला वाटायचं,’ एकदा त्या म्हणाल्या. ‘पण तिने निदान स्वतः ठरवलं. लिफ्टवाल्यांचं मीच ठरवून टाकलं, तेसुद्धा साखळ्या सोडवता सोडवता.’ मला त्यांची समजूत घालता आली नाही. घालायची इच्छाही झाली नाही, हे खरं.

मधे लेकीचा फोन आला. बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन बिघडलं, ते आता अंथरुणातून उठत नाहीत. काकूंनी सगळं खरं तिलाही सांगितलं. ती रडली. म्हणाली, ‘काकू, आता मला कुत्रं झेपायचं नाही. पण तो मजेत आहे, एवढ्यावरच बाबा आहेत. तेवढं काढून घेऊ नका.’

लिफ्टवाले रविवारी फोन करतात. गेल्या रविवारी मी तिथे होते. काकूंनी फोनचा आवाज मोठा करून तो बाकावर ठेवला.

‘भोपळ्या,’ फोनमधून हाक आली.

त्याचे कान ताठ झाले. तो फोनकडे आलाच नाही. उठला, अंगणभर गोल गोल पळाला, जीभ बाहेर काढून धापा टाकत फाटकावर पुढचे दोन्ही पाय टेकले आणि कोपऱ्याकडे बघत उभा राहिला.

‘काय करतोय?’

काकूंनी माझ्याकडे बघितलं. मी सशांच्या भिंतीकडे बघत राहिले.

‘खेळतोय,’ काकू म्हणाल्या. ‘दिवसभर छान खेळतो.’

‘आणि माझी आठवण?’

‘नाही काढत.’

‘बरं झालं,’ लिफ्टवाले म्हणाले, आणि त्यानंतर कितीतरी वेळ ना ते बोलले, ना त्यांनी फोन ठेवला.