कुत्र्याची खांदशेकणी

आमचा कुत्रा उठायला लागला की मी दुसरीकडे बघायचे. पुढचे पाय टेकवायचा, मान खाली घालायचा आणि मागचं अर्धं अंग फरफटत वर घ्यायचा. त्यात एकदा कण्हायचा, तेही हळूच. मोठ्यानं ओरडला असता तर परवडलं असतं, मीही दोन शब्द बोलून मोकळी झाले असते.

केळापूरजवळ आमचं गाव. नवरा यवतमाळला, लोहाऱ्याच्या एका कारखान्यात, शनिवारी यायचा. एरवी घरात मी, सासरे आणि कुत्रा. सासऱ्यांना मी मामाजी म्हणते. कुत्रा त्यांचाच. बैलजोडी होती तेव्हा बंडीच्या खाली, दोन चाकांमधल्या सावलीत चालत तो वावरात जायचा आणि तसाच परत यायचा. पुढे बैल विकले, नांगरट ट्रॅक्टरवर गेली, बंडी अंगणात नुसती उभी राहिली. कुत्रा तिच्याखालीच निजायचा.

मागच्या वर्षी त्याची चाल बिघडली तेव्हा पांढरकवड्याहून जनावरांचे डॉक्टर आले. त्यांनी त्याच्या मागच्या मांडीवरून हात फिरवला आणि मला म्हणाले, हात लावून बघा. मी लावला. मांस नव्हतंच, कातडीखाली नुसतं हाड. खुब्याचा सांधा झिजलाय, हाडावर हाड घासतंय, दुखतं म्हणून पाय टेकत नाही आणि टेकत नाही म्हणून मांस झडतं, असं त्यांनी समजावलं. पुढचे खांदे मात्र टणक, भरलेले. सगळं वजन बिचारा खांद्यांवर घेऊन चालत होता. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. दुखणं कमी होईल, हाड काही परत यायचं नाही, हे तेव्हाच सांगितलं.

गोळ्यांवर पावसाळ्यापर्यंत निभलं. मग त्याची शी काळी व्हायला लागली, जेवण सुटलं. गोळ्या बंद कराव्या लागल्या. डॉक्टर फोनवर म्हणाले, "आता त्याचे हाल किती दिवस करायचे ते तुम्ही घरचे ठरवा. बोलवाल तेव्हा इंजेक्शन घेऊन येतो."

माझं ठरलंच होतं. मामाजी ऐकेनात.

"उठते ना तो? उठते तवरी कायले माराचं त्याले?"

"कसा उठते ते पाह्यता का तुमी? तुमी चहा पेता, अंगण मी धुते."

मी तोंडाची फटकळ, सारं गाव जाणतं. मामाजी अशा वेळी उठून बाहेर जायचे आणि विषय तिथंच राहायचा. इकडे शेजारच्या काकांचा सल्ला तयारच, की बिब्ब्याचा डाग द्या, पाय मोकळा होते. मी म्हटलं, "आधी तुमच्या गुडघ्याले देऊन पाहा काका, मंग सांगा." त्यानंतर कोणी सल्ला दिला नाही.

पोळ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडे बैलांची खांदशेकणी असते. वर्षभर जू वाहून खांदा आंबलेला असतो, म्हणून त्याला हळद आणि कढत तूप लावून पळसाच्या पानांनी शेकतात, आणि दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचं आवतण बैलाच्या कानात सांगतात. त्या दिवशी दुपार कलल्यावर मामाजी पळसाची पानं घेऊन आले. मला वाटलं, शेजारच्या बैलांसाठी असतील. त्यांनी मला तूप कढवायला सांगितलं, त्यात हळद घातली, आणि वाटी घेऊन बंडीजवळ कुत्र्यापाशी बसले.

काका कुंपणापाशी येऊन हसले. "बंडीखालच्या कुत्र्याले वाटते, बंडी आपुनच वढून राह्यलो. तुमालेबी तसंच वाटाले लागलं का भाऊ?"

मामाजींनी मान वर केली नाही. "बंडी नसन वढली त्यानं. आता सोताले तर खांद्यावरच वढून राह्यला ना."

काका कुंपणापासूनच परत घरात गेले.

मामाजी पान तुपात बुडवायचे, आधी स्वतःच्या मनगटाला लावून बघायचे आणि मग खांद्यावर दाबायचे. कुत्र्यानं मान लांब केली, डोळे मिटले. मला रडू आलं, खोटं कशाला बोलू. मीही खाली बसले आणि एकेक पान त्यांच्या हातात देत गेले.

मग त्यांनी मागच्या खुब्याला हात लावला. कुत्र्याचं सगळं अंग थरथरलं, त्यानं मान वळवून त्यांचं मनगट दातांत धरलं. चावला नाही. नुसतं धरून ठेवलं. मामाजींनी हात ओढला नाही. कुत्र्यानं सोडल्यावर त्यांनी तो खुब्यावरून काढून घेतला.

"इतकं दुखते याले?" त्यांनी मला विचारलं.

इतक्या दिवसांत मी याची कितीतरी उत्तरं तयार ठेवली होती. "हो मामाजी," एवढंच म्हटलं.

त्यांनी वाटीतलं उरलेलं तूप खांद्यांना लावून संपवलं. मग त्याच्या कानाशी वाकले. "आज आवतण घे, उद्या जेवाले ये." आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "उद्या जेवू दे त्याले पोटभर. परवा बलाव डाक्टरले."

पोळ्याला पुरणपोळी आधी त्याला दिली. त्यानं अर्धी खाल्ली, उरलेली पंजाखाली धरून ठेवली.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर आले. कुत्र्याचं डोकं मामाजींच्या मांडीवर होतं. सुई पुढच्या पायाला दिली. फार वेळ लागला नाही. डॉक्टरांनी छातीला नळी लावून ऐकलं, मान हलवली आणि हात धुवायला गेले.

वावराच्या धुऱ्यावर, बांधालगत, खड्डा तयार होता. आम्ही अंगणात पोतं अंथरलं. मामाजींनी खांद्यांखाली हात घातले, मी मागून धरलं.

"हळू धर वो बाई," मामाजी म्हणाले. "तिथं दुखते त्याले."

मी खुब्याखालचा हात काढला, पोटाखालून घातला, आणि आम्ही त्याला हळू उचललं.