आतल्या खोलीतलं मशीन

माझ्या भावाला आम्ही भिंगरी म्हणतो. आता त्याच्या मिशा पांढऱ्या झाल्यात, तरी म्हणतोच. लहानपणी कडेवर घेतला तरी पाय झाडत राहायचा. आई कामाला जायची, त्यामुळे त्या लाथा खाल्ल्या त्या मी. पुढे तो बसचा ड्रायव्हर झाला तेव्हा मी म्हटलं, सुटलो बाबा, याच्या धावाधावीचा कुणीतरी पगार तरी द्यायला लागलं. सकाळी अंधारात घर सोडायचा, रात्री जेवायला आणि झोपायला यायचा. माझी भावजय शिवणकाम करते, आतल्या खोलीत तिचं विजेवरचं मशीन. ती मला हसून सांगायची, "ताई, आमचा संसार सुखाचा आहे, कारण हे घरात नसतात."

मग तो मेला आजार आला आणि बसगाड्या बंद झाल्या.

मी दोन दिवसांसाठी म्हणून त्यांच्याकडे आले होते, ती अडकले. दोन खोल्या, एक स्वयंपाकघर, हातभर गॅलरी. त्यात आम्ही चौघं: भिंगरी, त्याची बायको, त्यांची दहा वर्षांची लेक आणि मी. तिघी बायका कशाही राहिलो असतो हो, पण हा चौथा! बूड टेकेल तर शपथ. गॅलरीतून दारापर्यंत, दारापासून गॅलरीपर्यंत. त्या फेरीला पोरीने नंबरसुद्धा दिला होता, आणि तो वळला की ही खुर्चीवरून ओरडायची, "चला, पुढे सरका, पुढे जागा आहे!"

रिकामा न्हावी कुडाला तुंबड्या लावी म्हणतात ना, तसं झालं. त्याने घरातल्या सगळ्या बिजागऱ्यांना तेल घातलं. चांगला चालणारा पंखा उघडला, मग तो कुरकुरायला लागला, मग त्या कुरकुरीवर तीन दिवस गेले. कपाट या भिंतीचं त्या भिंतीला गेलं आणि परत आलं. पोरीची शाळा फोनवर चालायची, तर हा मागून डोकावून बाईंना म्हणाला, "बाई, आवाज तुटतोय, जरा गिअर बदला." पोर लाजेने टेबलाखाली गेली. टीव्हीसमोर बसला तरी उजवा पाय जमिनीवर दाबत राहायचा. भावजय म्हणायची, "अहो, दाबा ब्रेक आणि बसा एका जागी!" तर म्हणे, "तुला काय कळतंय माझी घालमेल? तुझं बरं आहे, तुझी गाडी चालू आहे."

ते खरं होतं. तिचं मशीन चालूच होतं. गिऱ्हाईक नव्हतं, पण तिने जुन्या चादरी काढल्या आणि उशांचे अभ्रे शिवायला घेतले. आमच्या घरात उशा चार आणि अभ्र्यांचा ढीग कमरेएवढा. मी विचारलं, हे कुणाला गं? तर म्हणाली, "कुणाला नाही ताई. हात थांबले की डोकं चालायला लागतं, म्हणून."

आणि मग दुष्काळात तेरावा महिना. तिला ताप आला.

कुठून लागलं देव जाणे. तपासणी झाली, आणि निघायचं तेच निघालं. डॉक्टरांनी फोनवर सगळं सांगितलं: वेगळी खोली, वेगळी भांडी, गोळ्या, श्वासाकडे लक्ष. मग विचारलं, घरात कुणाला जुनं दुखणं? मी म्हटलं, भावाला दमा आहे, लहानपणापासून. पंप खिशात घेऊनच फिरतो. डॉक्टरांचा आवाज एकदम बदलला. म्हणाले, "मग त्यांना त्या खोलीच्या उंबऱ्यालाही लागू देऊ नका. त्यांना झालं तर मला काही सांगता येणार नाही."

फोन स्पीकरवर होता. भावजयीने ऐकलं. तशीच उठली, गादी आतल्या खोलीत मशीनशेजारी ओढली आणि आतून कडी लावली. नवऱ्याकडे वळूनसुद्धा पाहिलं नाही. पाहिलं असतं तर गेली नसती, हे मला तेव्हा कळलं नाही.

भिंगरी दारापाशी गेला. मी आडवी. तो दाराबाहेरून ओरडला, "ऐकतेस का? मशीनचा आवाज येत राहिला पाहिजे मला. आवाज थांबला की मी आत आलो म्हणून समज! मग ताई काय, ताईचा बाप आला तरी अडवू शकणार नाही!"

"ताईचा बाप तुझाही बापच होता रे," मी म्हटलं, आणि आतून ती हसली. हसता हसता खोकली. मग मशीन सुरू झालं.

बोलून चालून गंमत. पण बोललेलं खरं करणारा माणूस आहे तो, आणि ते आम्हा दोघींनाही माहीत होतं. म्हणून मी माझी गादी त्या दारालाच लावली. उठता बसता पहारा. तो फेऱ्या मारायचा, दाराशी आला की पाय मंदावायचे, मी नुसतं खाकरायची, की हा पुढे. मशीन वाजलं की त्याचा चेहरा सैल व्हायचा. "चालू आहे," म्हणायचा. थोडं थांबलं की, "का थांबली?" अरे, माणूस धागा ओवतं, पाणी पितं, बाथरूमला जातं! त्या खोलीला आतून मोरी होती हे नशीब. तो हाक मारायचा, "काय गं?" आणि मशीन पुन्हा सुरू.

ताट मी दाराशी ठेवायची, मागे सरायची, मग ती कडी काढून आत घ्यायची. रिकामं ताट बाहेर यायचं, चक्क पुसल्यासारखं. मी खूश. म्हटलं, जेवतेय ना, मग काय हवं? फोन केला तर म्हणायची, "काम चाललंय ताई, नंतर बोलते." आवाज बारीक यायचा. मी म्हटलं घसा बसला असेल. माझ्यासारखी शहाणी मीच. चिडते मी अजून स्वतःवर.

त्या दिवशी दुपारी मी भांडी घासत होते. मशीन छान चाललं होतं, सलग, न थांबता. पोर फोनवर पाढे म्हणत होती. आणि भिंगरी चालता चालता मध्येच उभा राहिला. तो असा थांबला की मला आधी वाटलं याला दम लागला. मी धावत आले, "पंप कुठाय?" तर हात वर करून म्हणाला, "गप. ऐक."

"काय ऐकू? मशीन चाललंय."

"खाली कापड नाहीये."

"म्हणजे?"

"ताई, ही गाडी रिकामी पळतेय. भरलेल्या बसचा आवाज वेगळा, रिकाम्याचा वेगळा. मशीन ओढत नाहीये काही. नुसतं फिरतंय." त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. "आणि वळत नाहीये ती. अभ्र्याला चार कोपरे असतात. कोपऱ्यावर थांबावं लागतं की नाही?"

मी म्हटलं, "तुझंच डोकं रिकामं पळतंय!" उचलली जीभ लावली टाळ्याला.

त्याने हाक मारली. नेहमीसारखं "काय गं" नाही, तिचं माहेरचं लाडाचं नाव, जे तो आमच्यादेखत कधी घेत नाही. आतून उत्तर आलं नाही. मशीन मात्र एकदम जोरात पळायला लागलं.

ते ऐकलं आणि मला रडू फुटलं. कारण मलाही कळलं.

मी दाराला पाठ लावून उभी राहिले. म्हटलं, मी जाते, तू मागे हो, दमा तुला आहे, मला नाही. तो "हो हो" म्हणाला आणि मला दोन्ही खांद्यांना धरून उचलून बाजूला ठेवलं, खुर्ची ठेवावी तसं. मी त्याचा शर्ट धरून लोंबकळले. शर्ट फाटला. दुसऱ्या धडकेला कडी निघाली.

ती गादीवर पडली होती, एका कुशीवर. मशीनचं पायाचं पेडल तिने गादीपर्यंत ओढून घेतलं होतं आणि त्यावर हाताचा तळवा ठेवला होता. सुई वरखाली होत होती, खाली ना कापड, ना धागा. ओठ निळे. टेबलाखाली पिशव्या, गाठ मारलेल्या, आणि त्यांत मी वाढलेलं जेवण, जसंच्या तसं. आम्हाला बघून तिने काय करावं? दाबलं आणखी जोरात. जणू आम्ही दाराबाहेरच होतो. मग नवरा जवळ आलेला दिसला आणि तिने दुसऱ्या हाताने त्याला ढकललं. ढकलायला त्राण कुठलं, नुसता हात लागला त्याच्या छातीला.

मी ओरडत होते, "तोंड बांध! लांब हो! अरे, तोंड तरी बांध!" त्याला काही ऐकू येत होतं असं मला वाटत नाही. त्याने तिला उचललं, उशा रचल्या आणि मांडीवर टेकवून बसवलं. मी फोन केला, पण दवाखान्याची गाडी यायला वेळ लागला. तेवढा सगळा वेळ तो तिच्या तोंडाशी वाकून "श्वास घे, घे श्वास, आत घे, आता सोड" असं म्हणत राहिला. दमेकरी माणूस. दुसऱ्याला श्वास घ्यायला शिकवत होता.

पांढऱ्या कपड्यांतली दोन माणसं आली आणि तिला घेऊन गेली. सोबत कुणाला येता येणार नाही म्हणाले. जिन्यापर्यंत हा गेला, तिथून त्यांनी परत पाठवला.

परत आला तो सरळ आतल्या खोलीत गेला. मला म्हणाला, "ताई, बाहेरून कडी लाव." मी लावली. माझा फोन नंबर मी त्या दोघांना लिहून दिला होता, कारण तो तिचा हात सोडत नव्हता.

नंतरचे दिवस कसे गेले ते सांगत नाही. पोर मला विचारायची, आत्या, आई कधी येणार, आणि मी म्हणायची, येईल, तू पाढे म्हण. दवाखान्यातून रोज एक फोन यायचा, कुणीतरी घाईघाईने "आहे तसंच आहे" म्हणायचं, की झालं. जीव नुसता टांगलेला. आत हा, बाहेर मी, मध्ये दार. आणि आतल्या येरझाऱ्या हळूहळू कमी व्हायला लागल्या. चार पावलं, मग गादीवर धपकन बसल्याचा आवाज. मग खोकला. मी विचारायची, "पंप घेतलास?" तो म्हणायचा, "घेतला." परत काही वेळाने विचारायची, परत तेच. ज्या माणसाला आयुष्यभर "बस रे एका जागी" म्हणत आले, त्याच्या पावलांसाठी मी दाराला कान लावून बसायची. चाल बाबा, म्हणायची, मनातल्या मनात. चाल, पाहिजे तर भिंत पाड.

आणि एके सकाळी फोन वाजला, तर दवाखान्यातल्या बाई म्हणाल्या, घ्या, पेशंटशी बोला. घशातली नळी काढलीय, पण थोडंच हं.

मी धावत दाराशी गेले, स्पीकर लावला, दाराला टेकवून धरला, की त्यालाही ऐकू यावं. आत पावलं वाजली. तो दारापलीकडे येऊन बसला असावा.

"ताई," ती म्हणाली. एवढ्याशा आवाजात.

"बोल गं बाई! बोल माझे राणी!" मी तर रडतच होते.

"ताई, हे... हे आत आले नव्हते ना?"

मी दाराकडे बघितलं.

"मला नीट आठवत नाही," ती म्हणाली. "मला वाटलं की आले. मशीन बंद पडू दिलं नव्हतं मी. बंद पडलं असतं तर ते आलेच असते ना. स्वप्न होतं का ते?"

"स्वप्नच गं," मी म्हटलं. "तापात काहीही दिसतं. कडी मी तोडली. मी होते ना दाराशी, त्याची काय बिशाद आत यायची!"

तिने श्वास सोडला. तो सोडलेला श्वास मला फोनमधून नीट ऐकू आला. आणि तेवढ्यात आत तो खोकला.

"कोण खोकलं?"

"मीच की. बोलता बोलता ठसका लागला."

"आणि ते कुठायत? द्या ना त्यांना."

"तो घरात टिकतोय होय? गेलाय खाली, दूध आणायला म्हणून. दूध काय, निमित्त. आता येईल तासाभराने."

ती हसली, म्हणजे तसा आवाज आला. म्हणाली, "फिरू देत ताई. ओरडू नका त्यांना. फिरताहेत म्हणजे बरे आहेत."

आत पुन्हा खोकल्याची उबळ आली. त्याने तोंडात उशी कोंबली असावी, तरी येत होतीच. मग मी आवाज चढवला, चाळीतल्या भांडणासारखा चढवला, आणि तिला विचारत सुटले, जेवलीस का, काय दिलं जेवायला, भाजी कसली होती, मीठ होतं का बरोबर, पंखा आहे का, खिडकीतून काय दिसतं.