बाउंडलेस

"मराठी अर्ज साहेब वाचतो, इंग्रजी अर्जाला साहेब घाबरतो," असं म्हणून तो टाक दौतीत बुडवायचा.

पनवेलच्या कचेरीत मी कारकून होतो. हा मास्तर कचेरीच्या फाटकाशी पेटी मांडून लोकांचे अर्ज लिहायचा. असली माणसं तुम्हीही पाहिली असतील. भर उन्हाळ्यात काळा कोट, शिक्षण जेमतेम चार इयत्ता, आणि तोरा असा की इंग्रजी भाषा याला विचारूनच तयार झाली असावी. लाडका शब्द 'बाउंडलेस'. साहेबांची दया बाउंडलेस, अर्जदाराचं दुःख बाउंडलेस. एकदा तर कुणाच्या म्हशीचं दूधही बाउंडलेस. अर्थ विचारला की म्हणायचा, "भारी शब्द आहे. तुम्हाला नाही झेपायचा."

एका उधाणात खाडीचा बांध फुटला आणि जोमा नावाच्या शेतकऱ्याच्या भातजमिनीत खारं पाणी शिरलं. पेरणीआधी बांध घालायला सरकारी मदत हवी होती.

"मास्तर, येवडंच लिवा, शेताला बांद नाय रायला."

यानं लिहिलं, माझं शेत बाउंडलेस झालं आहे. बाउंड म्हणजे बांध, लेस म्हणजे नाही!

अर्ज माझ्याच हातून साहेबांकडे गेला. चूक मला दिसली होती. गंमत बघावी म्हणून गप्प बसलो. साहेबांनी हसत हसत शेरा मारला, 'अर्जदाराची जमीन अमर्याद आहे. मदतीची गरज नाही.'

मी जोमाला अर्थ समजावला. तो मास्तरकडे वळला. "माजी जमीन दोन एकर हाय, मास्तर. तुमी तिला केवडी केली?"

"साहेबालाच इंग्रजी येत नाही," मास्तर म्हणाला. पण कान लाल झाले होते.

पाऊस तोंडावर आला, तेव्हा गावानंच बांध घालायला घेतला. रविवारी मी बघायला गेलो. ढेकळं हातोहात पुढे देणाऱ्या रांगेत धोतर खोचून, कोटासकट मास्तर उभा! प्रत्येक ढेकळातला निम्मा चिखल अंगावर सांडत होता. बाया हसत होत्या, "मास्तर, बांदावर टाका, कोटावर नको!" तो पुढच्या ढेकळासाठी हात पसरत होता. मी इस्त्रीचे कपडे सांभाळत कोरड्या जागी उभा होतो.

श्रावणात त्याला ताप आला आणि मुलगी त्याला पेणला घेऊन गेली.

दिवाळीनंतर जोमा नव्या भाताच्या पोह्यांची पुरचुंडी घेऊन फाटकाशी आला. तिथं कुणीच नव्हतं. पुरचुंडी माझ्या टेबलावर ठेवून म्हणाला, "मास्तर आलं का द्या. तुमी नका खाऊ."

मास्तर परत आले नाहीत. पोहे मी खाल्ले.