लंगडा पोपोबावा

आमच्या सासूबाई भुताला घाबरल्या, यावर माझा पहिल्या क्षणापासून विश्वास बसला नाही. कोथरूडच्या सोसायटीत पाण्याच्या टाकीवरून ज्यांनी बिल्डरला रडकुंडीला आणलं, त्या बाई एका वटवाघळापुढे हात टेकतील, हे काही पटत नव्हतं.

सासरे गेल्यावर बायकोने ठरवून टाकलं होतं की आईचा कोथरूडचा फ्लॅट विकायचा आणि तिला कायमची सिंगापूरला, जुरोंग ईस्टला आमच्याकडे ठेवायची. गिऱ्हाईक मिळालं होतं. शुक्रवारी मुखत्यारपत्रावर सासूबाईंची सही झाली की विषय संपला. सासूबाई आमच्याकडे येऊन राहिल्या होत्या आणि दर वेळी एकच म्हणायच्या, "तू म्हणशील तसं." मला तेच खटकत होतं. ‘तू म्हणशील तसं’ हे वाक्य त्या सासऱ्यांनासुद्धा कधी म्हणाल्या नव्हत्या.

त्याच सुमारास माझ्या ऑफिसातल्या एका सहकारी बाईंनी मला पोपोबावा ऐकवला. त्या झांझिबारजवळच्या पेंबा बेटावरच्या. हॉकर सेंटरमधल्या एका खाण्याच्या ठेल्यावर भातावर मासळीची करी ओतून घेता घेता त्यांनी शांतपणे सांगितलं, की स्वाहिलीत पोपो म्हणजे वटवाघूळ आणि बावा म्हणजे पंख. तो रात्री घरात शिरतो, छातीवर बसतो, श्वास कोंडतो. बाकी काय करतो ते जेवताना सांगण्यासारखं नाही. जाताना बजावतो, की हे चारचौघांत सांग, नाहीतर मी परत येईन. म्हणून त्याची आवई उठली की लोक लाज गुंडाळून एकमेकांना सांगतात आणि अंगणात शेकोटीभोवती एकत्र झोपतात.

असा माल हाती आल्यावर मी तो कोरडा कसा वाढणार? घरी चहाच्या वेळी मी बायकोची काळी छत्री उघडून हॉलभर फडफडलो. पदरचं थोडं घातलंही. पोपोबावा डाव्या पायाने लंगडतो, त्याचं एक पाऊल जड आणि एक हलकं वाजतं, असं म्हणून मी चालून दाखवलं. शाळेतून आलेली लेक तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, "बाबा, नो सच थिंग ला." सासूबाई मेथी निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या कपाळाला बाम लावून बाहेर आल्या.

"काल तो आला होता," त्या म्हणाल्या.

"कोण?" बायकोने विचारलं.

"यांचा तो. लंगडत आला आणि छातीवर बसला."

आता माझी पंचाईत बघा. तो पाय मी लावलेला होता. पेंबा बेटावर कुणी तो पाहिलेला नाही. म्हणजे सासूबाई सरळ सरळ खोटं बोलत होत्या, आणि ते सिद्ध करू शकणारा जगात मी एकटाच होतो. पण सिद्ध करायचं तर मी गोष्टीत भर घालतो हे कबूल करावं लागणार, आणि घरात माझी जी काही पत आहे ती त्या गोष्टींवरच उभी आहे.

सासूबाईंनी नियम मात्र काटेकोर पाळला. चारचौघांत सांगायचं म्हणजे सांगायचंच. गेटवरच्या सिक्युरिटीला त्यांनी हिंदीत सांगितलं, लिफ्टमधल्या चिनी आजींना हातवारे करून दाखवलं. चिनी आजींनी फार गंभीरपणे मान डोलावली. घरी येऊन निष्कर्षही सासूबाईंनीच काढला, "तो समुद्राकाठचा दिसतोय. कोथरूडला काही यायचा नाही."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

बायकोचा संशय मात्र भलतीकडेच होता. "तूच घाबरवलंस तिला," ती मला म्हणाली. "छत्री घेऊन नाचायची काय गरज होती?" तिने आईला डॉक्टरकडे नेलं. रक्तदाब उत्तम निघाला. मग पेंबाचा उपाय तिनेच उचलला आणि आईच्या खोलीत गादी टाकून झोपू लागली. भूत अर्थातच फिरकलं नाही.

"बघ," बायको खूश होऊन म्हणाली, "इथे आम्ही आहोत तुझ्याजवळ. तिकडे एकटी असतीस तर काय झालं असतं? विकायचा निर्णय बरोबरच आहे."

सासूबाईंचा चेहरा पाहण्यासारखा झाला. डाव असा अंगावर उलटलेला मी क्वचितच पाहिलाय.

गुरुवारी सकाळी बायको भाजी आणायला खाली गेली आणि आम्ही दोघंच चहाला बसलो.

"आई," मी हळूच म्हणालो, "तो लंगडा नाहीये. ते मी घातलं होतं."

त्यांनी बशीतला चहा संपवला. "वाटलंच मला. इतकं बारीक कुणी अंधारात बघतं का?"

"मग तेच का उचललंत?"

"बाकीचं सांगायची लाज वाटली हो."

मी हसलो, त्या हसल्या नाहीत. "तिने माझ्यासाठी खोली रंगवून घेतलीय," त्या म्हणाल्या. "पडदे शिवून घेतलेत. नको कसं म्हणू? रडेल ती."

"उद्या सही झाल्यावर तुम्ही रडाल. आणि पोपोबावाचा नियम तुम्हाला ठाऊक आहे. न सांगणाऱ्याकडे तो परत येतो."

"जावईबापू, सकाळी सकाळी छत्री उघडू नका."

पण बायको पिशव्या घेऊन आत आली, तेव्हा सासूबाई तिची चप्पल निघायच्या आत म्हणाल्या, "मला फ्लॅट विकायचा नाही. मला माझ्या घरी राहायचंय."

बायको पिशवी धरून तशीच उभी राहिली. आधी तिने माझ्याकडे पाहिलं. "हे तू शिकवलंस?"

"त्यांचा संबंध नाही," सासूबाई म्हणाल्या. "आणि भूतबीत काही आलं नव्हतं."

"माझ्याशी बोलायला तुला भूत लागलं, आई?"

बायको फोन घेऊन बाल्कनीत गेली, काचेचं दार ओढून घेतलं. आम्ही दोघं आरोपींसारखे सोफ्यावर बसून होतो. आत आली तेव्हा तिचे डोळे लाल होते, पण आवाज ऑफिसातला होता.

"एजंटला नाही म्हणून कळवलंय. पण वर्षातले सहा महिने इथे."

"तीन," सासूबाई म्हणाल्या.

"पाच."

"गणपती तिकडे. दिवाळी तिकडे."

"दिवाळी इथे. चार महिने, आणि रोज फोन."

सासूबाईंनी मोठा सुस्कारा टाकला, हरल्यासारखा. "तू म्हणशील तसं," त्या म्हणाल्या आणि पिशवीतली मेथी उचलून स्वयंपाकघरात गेल्या. त्यांना पहिल्यापासून चारच महिने हवे होते असा माझा दाट संशय आहे.