दातानं ऐकणारा मिस्त्री

देगलूर रस्त्यावरचा मडिवाळप्पा मिस्त्री गाड्यांतली भुतं दातानं ओढून काढतो आणि गिळतो, ही बातमी उदगीरच्या मोंढ्यातून निघाली आणि लातूरला पोचेपर्यंत तिला शेपूट फुटलं. गिळलेली भुतं त्याच्या पोटात भांडतात, म्हणून बायको कंटाळून माहेरी जाऊन बसली, असंही कुणीतरी बसस्टँडवर छातीवर हात ठेवून सांगितलं. बायको बिचारी वारून कैक वर्षं झाली. तेव्हा निदान माहेराचा भाग तरी खोटा.

भुतांचाही खोटाच. खरं एवढंच की मडिवाळप्पाचे कान गेले होते. उभा जन्म गाड्यांच्या कमानीचे पाटे ठोकण्यात गेल्यावर कान राहतील कुणाचे? डॉक्टर म्हणाला, दाराला कुलूप लागलंय, आतलं घर शाबूत आहे. मडिवाळप्पानं मग दुसरं दार शोधलं. हातभर लांबीची लोखंडी पहार, जिला गॅरेजात टॉमी म्हणतात, तिचं एक टोक गाडीच्या सांध्याला टेकवायचं आणि दुसरं दातांत धरायचं. आवाज लोखंडातून दातांत, दातांतून कवटीत. डोळे मिटून, टॉमी चावत, गाडीखाली उताणा पडलेला म्हातारा रस्त्यावरून जाणाऱ्याला कसा दिसत असेल? अफवा उठली यात लोकांचा दोष नाही.

त्याची आणखी एक खोड होती. गिऱ्हाईक आलं की पहिलं वाक्य ठरलेलं, "आवाज काढून दाखव." भलेभले लोक, शाळेचे हेडमास्तर, अडतीवाले, रस्त्यावर उभं राहून तोंडानं गाडीचा आवाज काढायचे. मडिवाळप्पाला ऐकू काहीच यायचं नाही, तो ओठ पाहायचा. जबडा खाली आपटला तर बूश गेलं. ओठांचा चंबू झाला तर बेअरिंग. दात आवळले तर क्रॉस, म्हणजे वळताना मुडपणारा चाकामागचा सांधा. हेडमास्तरांनी ओठांचा चंबू करून ‘घूंऽऽ’ केलेलं पाहायला समोरच्या पानटपरीवर माणसं थांबायची, हे वेगळं सांगायला नको.

हे सगळं चाललं होतं एका शब्दावर. त्याची लेक मंजुश्री नांदेडला विष्णुपुरीत राहते. जावई तिथं इंजिनिअरिंग कॉलेजात कामाला. आता बास करा, आमच्याकडं या, बाल्कनीत बसा, असं ती दर सणाला म्हणायची. बाल्कनीत बसण्याच्या कल्पनेनंच मडिवाळप्पाला घाम फुटायचा. वैतागून तो एकदा म्हणून गेला की ज्या दिवशी माझ्या हातातून गेलेली गाडी तोच आवाज घेऊन परत येईल, त्या दिवशी शटर ओढतो. मंजुश्री बापाची लेक. तिनं हा शब्द गल्लीतल्या घराघरांत सांगून ठेवला, साक्षीदार म्हणून. तेव्हापासून गल्ली डोळे लावून बसली होती.

आणि मग गुरुपादप्पांची गाडी आली.

गुरुपादप्पा म्हणजे गावकुसाबाहेरच्या काळ्या रानाचे मालक. लिलावातून घेतलेली जुनी फोर-बाय-फोर, मागं हौदा. काळ्या मातीच्या चिखलात बैल बसायचे, ही गाडी निघायची. तिच्या पुढच्या प्रत्येक चाकाच्या मधोमध तळव्याएवढी चकती होती. चिखल आला की खाली उतरायचं आणि चकत्या उजवीकडं ‘लॉक’वर फिरवायच्या, म्हणजे पुढची चाकंही जोर धरतात. रस्त्याला लागलं की परत ‘फ्री’. मागच्या पावसाळ्यात गुरुपादप्पांनी एका दुपारी उतरून चकत्या फिरवल्या, चिखलातून गाडी काढली, चकत्या परत ‘फ्री’ केल्या, अंगणात लावली, बाजेवर टेकले आणि उठलेच नाहीत. लिंगायत रीतीप्रमाणं त्यांना शेतातच, बांधाच्या वळणावर, बसलेल्या स्थितीत माती दिली.

त्यानंतर गाडी त्या वळणावर कण्हू लागली.

उजवीकडं वळताना आधी घसा साफ केल्यासारखं, मग लांब, खालच्या पट्टीत. समाधी उजव्याच हाताला. मुलगा विरूपाक्ष शिकलेला, आधी हसला. मग काच बंद करून वळू लागला. मजूर बाया हौद्यात बसेनात, ऊन डोक्यावर घेऊन चालत जाऊ लागल्या. सोयाबीन निघालेलं मोकळं रान, वारा पडलेला, आणि त्या शांततेत बापाच्या आवाजात कण्हणारी गाडी. विरूपाक्ष चार पावलांवरच्या समाधीकडं बघायचा नाही.

विरूपाक्षानं बोलावलं तेव्हा मडिवाळप्पा त्याच्या अंगणात आला आणि सवयीनं म्हणाला, "आवाज काढून दाखव."

बापाचं कण्हणं तोंडानं कसं काढणार? विरूपाक्षानं मान फिरवली. शेवटी सरजाबाई पुढं झाली. ती त्या रानात जन्मभर खुरपलेली बाई. पदर खोचला, दात आवळले आणि गुरुपादप्पा खाकरायचे तशी खाकरली, मग तो सूर काढला. मडिवाळप्पा फक्त तिचे दात बघत होता, त्याच्या हिशेबी क्रॉस. पण तेवढ्यात त्याला विरूपाक्षाचा चेहरा दिसला, राखेसारखा. मागं बघितलं तर गुरुपादप्पांची बायको गुरम्मा स्वयंपाकघरातून धावत दारात आली होती. डोक्यावरचा पदर सावरत, मालक आले की सावरतात तसा. ती हळूच आत गेली.

मडिवाळप्पानं गाडी शेतात नेली. वळणावर विरूपाक्षानं त्याच्या मनगटाला घट्ट धरलं. "ऐकलं का मामा?"

मडिवाळप्पाला मातीचा, ऊन तापल्याचा वास तेवढा आला. कानात कापूस कोंबल्यागत. पण त्यानं ‘हाव, ऐकलं’ म्हटलं. सगळं गाव जे ऐकतं ते आपल्याला ऐकू येत नाही, हे पहिल्यांदाच त्याला भीतीदायक वाटलं.

अंगणात परत आल्यावर त्यानं पुढचं उजवं चाक जॅकवर उचललं, पुरतं वळवून ठेवलं आणि विरूपाक्षाला हातानं फिरवायला सांगितलं. खाली शिरून टॉमी सांध्याला लावली, दातांत धरली. तेव्हा तो आवाज त्याला भेटला. डोक्याच्या आत. जणू कुणी त्याच्याच कवटीत मान खाली घालून बसलं होतं आणि कण्हत होतं. मडिवाळप्पानं टॉमी सोडली नाही, पण बाहेर आला तेव्हा कपाळ ओलं होतं.

क्रॉस कोरडा पडला होता, हे नक्की. पण चकती ‘फ्री’ असली तर चाक एकटं फिरतं, क्रॉस फिरतच नाही, कण्हणार कुठून? उजव्या चकतीवर विभूतीचा इतका थर होता की खूण दिसेना. विभूती पुसायची तर जिवावर येतं, त्याच्याही गळ्यात लिंग होतं. त्यानं आधी कपाळाला बोट लावलं, मग फडकं. चकती ‘लॉक’वर होती. डावी मात्र ‘फ्री’. त्यानं उजवी ‘फ्री’ केली, नवा क्रॉस नांदेडच्या भंगार बाजारातून मागवतो म्हणाला. वळणावर जाऊन आले. गाडी मुकी.

दुसऱ्या दिवशी गाडी परत कण्हली.

मडिवाळप्पा गेला. चकती ‘लॉक’वर. त्यानं विरूपाक्षाकडं बघितलं, विरूपाक्षानं त्याच्याकडं. फिरवून ‘फ्री’ केली. पुढच्या दिवशी पुन्हा तेच. सरजाबाईनं शांतपणे सांगितलं, मालकाला चिखलाची काळजी, ते येऊन फिरवून जातेत. मडिवाळप्पा हसला नाही. रानात चिखल नव्हता, भेगा पडल्या होत्या. पण चकती फिरलेली होती. आपण ‘फ्री’ केली ही आठवण तरी खरी का, असं त्याच्या मनात येऊ लागलं. कान गेले, आता हातही खोटं बोलू लागले असतील.

गल्लीत तर दिवाळी होती. पानटपरीवरून विचारणा, "मिस्त्री, बाल्कनी कोणत्या मजल्यावर हाय?" मंजुश्रीचा फोन पानटपरीवर आला, बॅग भरायला मी येऊ का म्हणून. ती चेष्टा नव्हती करत, हे जास्त वाईट.

शेवटी तो भल्या सकाळी, तांबडं फुटताना, विरूपाक्षाच्या अंगणात जाऊन कडब्याच्या गंजीआड बसला. अंगणात गाडी उभी, डावी बाजू भिंतीला चिकटवून, नेहमीसारखी. पाखरं अजून बोलत नव्हती, निदान त्याला तरी.

आतून पांढरं काही आलं. पाय वाजल्याचं त्याला कळणं शक्य नव्हतं, त्यामुळं ते तरंगत आल्यासारखं आलं. मग ते उजव्या चाकापाशी वाकलं आणि त्याला गुरम्मा दिसली. अंघोळ करून, ओल्या केसांनी. तिनं तांब्यातलं पाणी चकतीवर शिंपडलं. ओल्या विभूतीत तीन बोटं बुडवून तीन आडव्या रेघा ओढल्या. मग लिंगाला करतात तसा तळवा ठेवला, आणि प्रदक्षिणेच्या अंगानं, उजवीकडं, सावकाश फिरवला. चकती तिच्या हाताबरोबर फिरली.

भिंतीकडच्या चाकापर्यंत तिचा हात पोचत नव्हता. म्हणून डावी ‘फ्री’.

मडिवाळप्पा उठून उभा राहिला. गुरम्मा दचकली नाही. त्यानं सांगितलं, अक्का, तुमच्या हातानं फिरतेय ही, म्हणून गाडी कण्हते.

गुरम्मानं ते ऐकून घेतलं. मालकांचा शेवटचा हात इथं लागला, म्हणून पूजा करते, एवढं ती म्हणाली. चकती फिरते हे तिला ठाऊक नव्हतं की होतं, हे तिच्या तोंडावरून कळलं नाही. मग तिनं विचारलं, "तुमाला ऐकू आलं का त्यांचं?"

"कानानं न्हाई अक्का. दातानं."

"काय म्हणले?"

मडिवाळप्पा चाकाकडं बघत राहिला. "ग्रीस मागून राहिलेत."

गुरम्माच्या ओठांचा कोपरा हलला. ते हसू होतं असं मडिवाळप्पा आजही सांगतो. मग ती म्हणाली, द्या त्यांना.

नांदेडहून क्रॉस आला, त्याच भंगारातून दुसरी चकतीही. मडिवाळप्पानं जुनी चकती काढली, फडक्यात बांधली आणि गुरम्माच्या ओंजळीत ठेवली. गाडीत नवा क्रॉस, दाबून ग्रीस. विरूपाक्ष काच उघडी ठेवून वळणावरून गेला. मजूर बाया हौद्यात चढल्या. मिस्त्रीचा शब्द राहिला, गल्लीचा हिरमोड झाला, मंजुश्रीनं फोनवर मोठा श्वास सोडला.

गोष्ट इथं संपायला हरकत नव्हती. पण गुरम्मानं ती चकती माजघराच्या भिंतीतल्या कोनाड्यात ठेवली आणि रोजची पूजा तिथं सुरू केली. आणि काही दिवसांनी सरजाबाई गोठ्यातलं शेणकूर करून पाणी प्यायला आत गेली, ती पाणी न पिताच बाहेर आली.

कोनाडा कण्हत होता. दुपारी, घर निजलं की.

पानटपरीनं लगेच निवाडा दिला. आवाज गेला कुठं? गाडीतून कोनाड्यात बसला, गाव तेच, आवाज तोच. मिस्त्रीनं दुरुस्त काय केलं, नुसती बदली केली. शटर ओढलंच पाहिजे. मंजुश्रीला फोन कुणी केला हे विचारू नये. ती लागलीच एस.टी.नं आली.

बापलेक विरूपाक्षाच्या घरी गेले, मागं गल्ली. माजघरात थंडगार अंधार, बाहेर पत्र्यावर ऊन. विरूपाक्ष दारातच उभा राहिला, आत आला नाही. गुरम्मा कोनाड्याखाली बसली होती, काहीतरी निवडत, निवांत. मडिवाळप्पानं टॉमीचं टोक चकतीच्या कडेला टेकवलं, दुसरं दातांत धरलं आणि डोळे मिटले.

ना इंजिन, ना चाक, ना सांधा. लोखंड गप्प असायला हवं. सुरुवातीला होतंही. मग त्याच्या जबड्यात काहीतरी आलं, लांबून, सावकाश. आधी घसा साफ केल्यासारखं. आपली नाडी असेल म्हणून त्यानं मनगटावर अंगठा दाबला. नाडी भलतीच पळत होती. हे पळत नव्हतं. डोळे उघडले तर गुरम्मा हातातलं काम थांबवून त्याच्याकडं बघत होती, तिला मघापासून माहीत असलेलं त्याला आत्ता कळतंय का, ते बघावं तशी.

त्यानं टॉमी काढली, देवाचं भांडं पुसावं तशी काळजीनं पुसली. बाहेर ऊन इतकं होतं की डोळे मिटले. सगळे थांबले होते. मंजुश्रीनं त्याच्या खांद्यावर हात ठेवून, त्याला ओठ दिसतील असं समोर येऊन विचारलं, आवाज आहे का अप्पा? मग बॅग भरायची ना?

मडिवाळप्पानं टॉमी खांद्यावर टाकली आणि गॅरेजच्या वाटेला लागता लागता म्हणाला, "आवाज गाडीत होता तवर माझा होता. आता भितीत गेलाय, गवंड्याला बोलवा."