शेजारचा टेप ड्राइव्ह

शिरवळला आमच्या शेजारी एक निवृत्त फौजी राहतात. कारखान्याच्या भंगारातून त्यांनी जुना टेप ड्राइव्ह आणला. पूर्वी कंप्युटरवरची माहिती टेपच्या कॅसेटवर साठवायचे, ते यंत्र. कुणीही फुकट वापरावी, कुणीही सुधारावी अशी एक ऑपरेटिंग सिस्टिम आहे म्हणे. तिला हा ड्राइव्ह ओळखता यावा म्हणून ते दोन वर्षं प्रोग्रॅम लिहीत होते.

रोज सकाळी अंघोळ उरकून ते कॅसेट आत सारायचे. असं उपकरणच नाही, असं पडद्यावर यायचं. मग ते पडद्यालाच समजावायचे, "हाय की रं. हितंच हाय."

मला यातलं ओ की ठो कळत नाही. कॅसेटमध्ये पलटणीतलं काहीतरी जपलेलं असणार, एवढंच मी धरून चाललो होतो.

परवा ड्राइव्ह घरघरला आणि पडद्यावर त्याचं नाव उमटलं. त्यांनी तो प्रोग्रॅम लगेच त्या सिस्टिमवाल्यांकडे पाठवून दिला, सगळ्यांसाठी.

"आता कॅसेटमध्ये काय आहे ते बघू या," मी म्हणालो.

"काय न्हाई. कोरी हाय."

"अहो, मग दोन वर्षं कशासाठी?"

ड्राइव्हवर रुमाल टाकत ते म्हणाले, "कुणाची तरी भरलेली आसंल की."